चेंबर तुंबलं, सांगायचं कुणाला? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या सरकारी घरांमधल्या रहिवासी कौन्सिलबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांची पत्रं घेता आली नाहीत, ज्यांचा प्रश्न एकसारखा होता त्यांचं एकच घेतलंय.

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापुरातच कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्समध्ये राहतोय, ३ बिल्डिंगा, ४८ कुटुंबं, भाडं पगारातनंच कापून घेतात. मागच्या बाजूचं ड्रेनेजचं चेंबर दर पावसाळ्यात तुंबतंय आणि घाण पाणी तळमजल्याच्या दारापर्यंत येतंय. आमच्यातलं कोणतरी जातंय हापिसात, साहेब म्हणतात बघतो, मग महिन्यानं दुसरं कोणतरी जातंय. ती कौन्सिल म्हणजे नक्की काय असतंय आणि आम्हाला तसं करता येईल काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : करता येईल, आणि तुमच्यासारख्यांनीच ते आधी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण तिकडच्या लोकांशी तुमचीच परिस्थिती सगळ्यात जास्त जुळते. तिकडं पब्लिक हाउसिंग म्हणजे घर नावावर करून दिलेलं नसतं, बिल्डिंगा त्या त्या गावाच्या हाउसिंग ऑथॉरिटीच्या मालकीच्या असतात आणि कमी उत्पन्नाची माणसं त्यात भाड्यानं राहतात. १९३७ च्या कायद्यापासून हे चालू आहे. वर केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं आहे, त्याला हड म्हणतात, पैसा आणि नियम त्याचे. म्हणजे मालक ते आणि राहणारे आपण, अगदी तुमच्यासारखंच.

आता त्या हडच्या नियमात एक अख्खा भाग रहिवाशांच्या सहभागावर आहे. राहणाऱ्या लोकांनी मतदान करून कमिटी निवडायची, त्यात निदान ५ माणसं, आणि दर ३ वर्षांच्या आत परत निवडणूक. अशी रीतसर निवडून आलेली कौन्सिल असली की ऑथॉरिटीनं तिलाच त्या वसाहतीचा एकमेव प्रतिनिधी मानायचं, दुसरी कुठली तरी मर्जीतली कमिटी उभी करून तिच्याशी बोलणी करायची नाहीत. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं काय होतं, आज एक जण जातो, उद्या दुसरा जातो, तिसरा परस्पर नगरसेवकाकडं जातो, आणि हापिसातल्या माणसाला तिघांनाही बघतो म्हणून वाटेला लावता येतं. तिकडं कौन्सिल आणि ऑथॉरिटी यांच्यात लेखी करार होतो, कोण काय करणार, किती दिवसांनी भेटायचं, तो करार पण दर ३ वर्षांनी नवा करायचा असतो. कौन्सिलनं मागितलं तर बसायला जागा फुकट द्यावी, शक्यतो वसाहतीतच, असंही त्यात आहे. आणि १९९८ च्या कायद्यानं ऑथॉरिटीच्या मुख्य बोर्डावर तिच्याकडनं घरासाठी थेट मदत मिळणारा निदान एक माणूस घ्यावा लागतो, काही ठिकाणं सोडली तर.

पण कौन्सिल मालक होत नाही हेही सांगते, नाहीतर चुकीची अपेक्षा धरून बसाल. भाडं किती घ्यायचं, घर कुणाला द्यायचं, हे ती ठरवत नाही. ती बोलते, सुचवते, जाब विचारते, आणि ऑथॉरिटीला ते ऐकून घ्यावं लागतं.

आपल्याकडं भाड्याच्या क्वार्टर्ससाठी तुम्ही लगेच दाखवू शकाल असा तयार नियम नाही, म्हणून आपली बाजू आपणच कागदावर उभी करायची. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ७ माणसं मिळून संस्था नोंदवू शकतात, ती नोंदवा. नोंदणीला वेळ लागणार असेल तर त्याच्यासाठी थांबू नका, ४८ कुटुंबांची मीटिंग घ्या, मतदान घ्या, प्रोसिडिंगमध्ये निकाल लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मग त्या कमिटीच्या सहीचं पत्र हापिसात द्यायचं आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथनं उठायचं नाही. ३० दिवसांनी त्याच पत्राचा आवक नंबर घालून माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, की या पत्रावर काय कारवाई झाली, कुठल्या टेबलावर आहे.

मी सोसायट्यांची दप्तरं तपासायचं काम करते, त्यामुळं अशा वसाहतीत जाणं होतं. एका ठिकाणी बायकांनी ड्रॉइंगच्या कागदावर वसाहतीतल्या सगळ्या चेंबरांचा नकाशा काढलावता, प्रत्येकाला नंबर, आणि कुठलं चेंबर कुठल्या तारखेला तुंबलं ते लाल पेननं. जूनपासून ऑगस्टपर्यंत ७ नंबरच्या चेंबरपुढं ११ तारखा. तो कागद टेबलावर पसरल्यावर इंजिनियर स्वतः उठून बघायला आला, कारण ७ नंबरच्या पुढची लाइन खचलीय हे त्या तारखांवरनंच दिसत होतं, नुसतं चेंबर उपसून भागणार नव्हतं. एवढं बारीक तिथं राहणाऱ्यालाच कळतं. तुम्ही या पावसाळ्यात तारखा लिहायला लागा.

प्रश्न : आमची घरकुलाची बिल्डिंग आहे, घरं नावावर झालीत, सोसायटी रजिस्टर आहे. पण चेअरमन ७ वर्षं तोच आहे, निवडणूक नाही, वार्षिक सभा नाही, हिशोब विचारला की म्हणतो तुमचा माझ्यावर विश्वास नाही काय. भांडण नको वाटतंय, शेजारी राहायचंय. काय करावं?
— एक वाचक, कदमवाडी

उत्तर : दादा, हिशोब मागणं म्हणजे भांडण नव्हे, हे आधी स्वतःला सांगा. विश्वास आहे म्हणूनच वही उघडी ठेवायची असते.

तुमचं प्रकरण अमेरिकेच्या मानानं सोपं आहे कारण तुम्ही मालक आहात आणि पाठीशी १९६० चा सहकार कायदा आहे. कमिटीची मुदत ५ वर्षं, म्हणजे तुमची संपून गेलीय. वार्षिक सभा दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच पाहिजे. आणि चेअरमन बोलवत नसेल तर एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. तुमच्या बिल्डिंगीत ४० सभासद असले तर ८ सह्या झाल्या. ८ सह्या म्हणजे एका संध्याकाळचं काम आहे, दोन मजले चढायचे. तरी बोलवली नाही तर त्या अर्जाची पोच घेऊन उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं जा.

तिकडच्या कौन्सिलमध्ये पण हा प्रकार होतो हं, वर्षानुवर्षं एकच प्रेसिडेंट. म्हणून त्यांच्या नियमात आहे की प्रत्येक कौन्सिलच्या घटनेत निवडलेल्या माणसाला मुदतीआधी पदावरनं काढायची तरतूद पाहिजेच, आणि त्यासाठीची निवडणूक घ्यायला किती मतदारांची संमती लागेल ते लिहून ठेवायचं, ते १० टक्क्यांच्या खाली आणता येत नाही. म्हणजे एकदोघं रागावली म्हणून कमिटी पडत नाही. निवडणुकीची नोटीस निदान ३० दिवस आधी द्यायची, आणि निवडणुकीवर देखरेख बाहेरच्या त्रयस्थानं करायची. ज्या कौन्सिलनं हे पाळलं नाही तिची मान्यता जाऊ शकते.

आणखी एक, चेअरमनला एकटं गाठून बोलू नका. दोघंतिघं जा, चहा घ्या, म्हणा दादा ७ वर्षं तुम्ही ओझं वाहिलंय, आता दप्तर सगळ्यांनी मिळून नीट लावूया. खूपदा माणसाला हिशोब लपवायचा नसतो, त्याला तो लिहिताच आलेला नसतो आणि आता लाज वाटते. मी अशी पिशवीतली दप्तरं पुष्कळ बघितलीत, वीजबिलं, मोटर वायंडिंगच्या चिठ्ठ्या, टँकरच्या पावत्या, सगळं एका कॅरीबॅगेत, पैसा एक इकडं तिकडं नाही पण किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कोरी.

प्रश्न : ताई, मीटिंगला फक्त पुरुष. मी विचारलं तर म्हणतात घर नवऱ्याच्या नावावर आहे, तुम्ही कशाला. पाणी भरतो आम्ही, जिना झाडतो आम्ही.
— एक गृहिणी, उचगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र छोटं होतं पण मी ते दोनतीनदा वाचलं.

अमेरिकेतल्या नियमात मत एका घराला एक असं नाही. भाडेकरारावर नाव असलेला कुटुंबप्रमुख, त्याचं वय कितीही असो, आणि करारावर नाव असलेली घरातली १८ वर्षांवरची सगळी माणसं मतदार. म्हणजे आई, मुलगी, सून, सगळ्याजणी. आणि इतिहास बघितला तर तिथल्या वसाहती बायकांनीच उभ्या केल्यात. वॉशिंग्टनमध्ये केनिलवर्थ-पार्कसाइड नावाची वसाहत होती, तिथं किमी ग्रे नावाची बाई राहायची, एकटीनं पोरं वाढवणारी, सरकारी मदतीवर दिवस काढलेली. तिनं आधी वसाहतीतल्या पोरांना कॉलेजला पाठवायचं काम धरलं, अर्ज भरून द्यायचे, फीची सोय बघायची. त्यातनं लोक जवळ आले आणि १९८२ मध्ये त्या वसाहतीचा कारभारच रहिवाशांच्या संस्थेनं हातात घेतला. सेंट लुईसमध्ये कॉक्रन गार्डन्स वसाहतीत असंच काम बर्था गिल्कीनं केलं, तीही तिथंच वाढलेली.

आपल्याकडं सोसायटीत मत सभासदाचं, हे खरं आहे. जॉइंट नाव असेल तर मत पहिल्या नावाचं आणि पहिला हजर नसेल तर दुसऱ्या नावाचं. म्हणून पहिली गोष्ट, कागद काढा आणि नाव बघा. पंतप्रधान आवासमधलं घर असेल तर बऱ्याच ठिकाणी ते बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावरच दिलेलं असतं आणि घरातल्या बाईलाच ते माहीत नसतं, हे मी स्वतः बघितलंय. एका मावशींना मी अलॉटमेंट लेटर वाचून दाखवलं, पहिलं नाव त्यांचं, आणि सही करून मीटिंगला जात होता त्यांचा पुतण्या. दुसरी गोष्ट, कमिटीत महिलांसाठी राखीव जागा आहेत, त्या कागदापुरत्या भरू देऊ नका.

आणि मीटिंगची वेळ बदलून घ्या. रात्री साडेनऊला, जेवणाची भांडी पडलेली, पोरांचा अभ्यास, त्या वेळेला कुठली बाई येणार. रविवारी दुपारी ४ ला गच्चीवर घ्या, चटई टाका, भडंग करा, पोरं पण येऊ देत. मोटर कितीला सुरू केली की वरच्या मजल्याला पाणी चढतं हे ज्यांना माहीत आहे त्या मीटिंगमध्ये नसतील तर ती मीटिंग पाण्यावर काय ठरवणार.

प्रश्न : तिकडच्या कौन्सिलला पैसे कोण देतं? आमच्याकडं तर महिन्याला ३०० मेंटेनन्स निघत नाही.
— एक खजिनदार, कसबा बावडा

उत्तर : सरकारच देतं, पण थोडे. दर राहत्या घरामागं वर्षाला २५ डॉलर रहिवासी सहभागासाठी, त्यातले १५ कौन्सिलच्या कामाला. २०० घरांची वसाहत असली तर कौन्सिलच्या हातात ३००० डॉलर येतात, त्यासाठी आधी लेखी करार, बजेट, आणि नंतर खर्चाचा हिशोब. कौन्सिलनं तो पैसा लपेटून ठेवायचा नसतो आणि ऑथॉरिटीनं अडवून ठेवायचा नसतो.

तुमच्या ३०० बद्दल, वसुलीचा त्रास बहुतेक ठिकाणी पावती न देण्यातनं सुरू होतो. माणूस पैसे देतो, पावती मिळत नाही, पुढच्या महिन्यात शेजाऱ्यानं दिलेत का नाही ते कळत नाही, मग तोही थांबवतो. छापील पावतीपुस्तक आणा, ५० पानांचं स्वस्तात मिळतं, आणि जिन्याखालच्या फळ्यावर दर महिन्याच्या ५ तारखेला तीन आकडे लिहा, किती जमले, किती खर्च झाले, किती शिल्लक. थकलेल्यांची नावं फळ्यावर लिहू नका. एखाद्याच्या घरी आजारपण असतं, एखाद्याचा फौंड्रीतला पगार लांबलेला असतो, त्याच्या घरी जाऊन हप्ता ठरवून घ्या.

प्रश्न : आमचं मंडळ आहे की भाऊ! गणपतीपासनं महापुरापर्यंत सगळं आमची पोरं बघतात. वेगळी कमिटी कशाला? अमेरिकेत तालीम नाही म्हणून त्यांना कौन्सिल लागतीय.
— एक कार्यकर्ता

उत्तर : २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढणारी पोरं मंडळांचीच होती, त्या उपकाराची जाणीव मला आहे आणि कोल्हापुरात राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. तालमीनं या गावाला जे दिलंय ते दुसऱ्या कशानं भरून निघणारं नाही.

पण मंडळाला वसाहतीनं मत देऊन निवडलेलं नसतं, फरक तेवढाच आहे आणि तो मोठा आहे. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं आलेलं परगावचं कुटुंब, दुसऱ्या धर्माचं घर, एकटी राहणारी आजी, हे मंडळाच्या कट्ट्यावर येऊन बोलणार नाहीत. त्यांना घरात बसून मत देता आलं पाहिजे. पुरात कुणाला उचलून न्यायचं हे मंडळ ठरवू शकतं, लिफ्टचं कंत्राट कुणाला द्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

मला मात्र एक सुचतंय. वर सांगितलं ना, तिकडं निवडणुकीवर देखरेख त्रयस्थाची लागते. आपल्याकडं तो त्रयस्थ आणायचा कुठनं हा प्रश्न प्रत्येक वसाहत विचारते. पलीकडच्या पेठेतल्या मंडळाला बोलवा. त्यांची पोरं मतपेटी सांभाळतील, यादी वाचतील, सगळ्यांसमोर मोजणी करतील, आणि त्यांच्या वसाहतीची निवडणूक असेल तेव्हा तुमची पोरं जातील. मंडळातल्या पोरांवर लोकांचा विश्वास असतो आणि दुसऱ्या पेठेतली असल्यामुळं त्यांचा इथं कुणी लागत नसतो. सहकार कायद्याखालच्या सोसायटीत निवडणूक अधिकारी रीतसर नेमावा लागतो, तिथं पोरं त्याच्या मदतीला थांबतील, पण नोंदणी नसलेल्या चाळी आणि क्वार्टर्ससाठी हे पूर्ण चालून जाईल. करून बघा आणि मला कळवा, मी स्वतः यादी तपासायला येईन.

प्रश्न : सगळा कारभारच रहिवाशांनी चालवायला घेतला तर? तुम्ही मागच्या अंकात तसं काहीतरी म्हणालावता.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : घेतलाय लोकांनी, पण सहज मिळालेला नाही. सेंट लुईसमध्ये १९६९ ला भाडं परवडेना आणि दुरुस्ती होईना म्हणून सरकारी घरांतल्या भाडेकरूंनी ९ महिने भाडं रोखून धरलं. त्याच शहरात प्रुइट-आयगो नावाची ३३ इमारतींची वसाहत होती, ११ मजली, १९५० च्या दशकात बांधलेली आणि १९७२ पासून सरकारलाच पाडावी लागलेली, देखभालीअभावी इतकी वाईट अवस्था झालेली. बांधून २० वर्षं पण झाली नव्हती. तो १९६९ चा भाड्याचा संप मिटताना भाडेकरूंचा कारभारात शिरकाव झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेनं भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती पुढं ३० झाली. बॉस्टनमध्ये ब्रॉमली-हीथ वसाहतीतल्या भाडेकरूंच्या संस्थेनं १९७१ पासून कारभार हातात घेतला. नियमात याला वेगळं नाव आहे, रेसिडेंट मॅनेजमेंट कॉर्पोरेशन, ती रीतसर नोंदलेली ना-नफा संस्था लागते, तिचं पण बोर्ड निवडून आलेलं पाहिजे, आणि ऑथॉरिटीशी करार करून ती सफाई, दुरुस्ती, भाडेवसुली असली कामं घेते. वसाहतीतल्याच लोकांना त्यात नोकऱ्या मिळतात, हा भाग मला फार आवडतो.

पण लंडनचं एक उदाहरण दिल्याशिवाय मी हे उत्तर संपवणार नाही. तिथं केन्सिंग्टन आणि चेल्सी भागातली नगरपालिकेची जवळजवळ १०,००० घरं एक संस्था बघायची, तिच्या नावातच टेनंट मॅनेजमेंट होतं, बोर्डावर रहिवासी होते. त्याच संस्थेकडं ग्रेनफेल टॉवर होता. रहिवाशांच्या एका गटानं २०१६ च्या नोव्हेंबरात लिहून ठेवलंवतं की एखादी मोठी दुर्घटना झाली तरच यांचा नाकर्तेपणा उघडा पडेल. १४ जून २०१७ च्या पहाटे त्या टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. म्हणजे नाव रहिवाशांचं, बोर्डावर माणसं रहिवाशांची, आणि तरी टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसाचा आवाज वरपर्यंत गेला नाही. संस्था केवढी मोठी आणि तिच्यापासून शेवटच्या मजल्यावरची बाई किती लांब, हे बघूनच कारभार घ्या. एक बिल्डिंग, फार तर एक वसाहत, जिथं सेक्रेटरीला प्रत्येक घराचं दार माहीत आहे, एवढ्यावर सुरुवात करा. सफाई आणि पाण्याची मोटर आधी घ्या, वर्षभर हिशोब ठेवून दाखवा, मग लिफ्ट.

आणि त्याआधी, तुम्ही पाठवलेल्या फोटोत तळमजल्याच्या जिन्यात ६ मोटारसायकली दिसतात आणि मीटरच्या पेटीचं दार निघालेलं आहे, वायरी बाहेर. वरच्या मजल्यांना उतरायला तेवढाच एक जिना आहे असं तुम्हीच लिहिलंय. या रविवारी गाड्या बाहेर लावायचं ठरवून घ्या, ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनाच मीटिंगला पुढं बसवा, आणि मीटरच्या पेटीसाठी वीज कंपनीला पत्र द्या, सगळ्या १६ घरांच्या सह्यांनिशी.